टिटवीची उंचावरची अंडी

मे महिना लागला की आमच्या वर्तमानपत्रांना टिटवीची आठवण येते. एरवी वर्षभर हा पक्षी कोणाच्या खिजगणतीत नसतो. मग एका सकाळी चहासोबत फोटो येतो: मुरमावर ठेवलेली ठिपकेदार अंडी आणि वर ठळक मथळा, यंदा पाऊस दमदार, टिटवीचा कौल. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली तर वर्ष कोरडं. यंदाचा फोटो मिहानकडच्या एका अर्धवट इमारतीच्या गच्चीवरचा होता. एवढ्या उंचीवरची अंडी म्हटल्यावर अख्खं नागपूर वाहूनच जायला हवं. शेजारच्या फ्लॅटमधल्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी तो फोटो मला मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'मॅडम, तुमचा विषय!'

माझा विषय! या गृहस्थांनी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. पाऊस मोजायची यंत्रं त्यांच्या हाताखाली होती. आता कूलरसमोर पाय पसरून ते एका पक्ष्याच्या अंड्यांवरून पाऊस मोजताहेत. मी उत्तर दिलं नाही. वय झाल्यापासून एक सुख मला मिळालं आहे. समोर दिसणाऱ्या प्रत्येक मूर्खपणाला उत्तर द्यायची जबाबदारी आता माझ्यावर नाही.

पण तो फोटो काही डोळ्यांपुढून हलेना. दुपारी गरम वारा सुटला, खिडकीची कडी वाजू लागली, कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास आला आणि मी थेट त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात जाऊन पोचले. दुष्काळाच्या पाठीवरचा उन्हाळा होता तो.

नागपूरचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. अकरा वाजले की रस्ते ओस पडतात. डांबर मऊ होऊन चपलेला धरून ठेवतं. सायकल-रिक्षावाले झाडाखाली रिक्षा उभी करून तिच्याच सीटवर मुटकुळं करून झोपतात. लू लागू नये म्हणून खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा, घरी आल्यावर कैरीचं पन्हं. ज्यांची ऐपत त्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या, आणि त्यांच्यावर पाणी मारायला एक माणूस. त्या वर्षी तर संध्याकाळी अंगणात शिंपडायलाही पाणी नव्हतं. जमिनीतून येणारी धग अर्धी रात्र पाठीला लागायची.

मी तेव्हा नुकतीच एम.एस्सी. झाले होते, प्राणिशास्त्रात. प्राणिशास्त्र हा शब्द ऐकून कोणाला वाटेल की तिथे प्राणी असतील. आमच्या विभागात प्राणी होते, पण सगळे मेलेले. बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये, नाहीतर ट्रेमध्ये चारी पाय टाचण्यांनी ताणून. बेडूक कापायचा, झुरळ कापायचं, उंदीर कापायचा, चित्र काढायचं, नावं द्यायची. ज्या बेडकाची आतडी आम्हाला पाठ होती तो बेडूक कसा ओरडतो, कोणासाठी ओरडतो, दुसऱ्या बेडकाचं ओरडणं ऐकून गप्प का होतो, हे कोणी विचारलं असतं तर सगळा विभाग एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसला असता. संशोधन म्हणजे मागूर माशाची अंडाशयं. एकाने मोठ्या मागुरांची केली, दुसऱ्याने लहान मागुरांची, तिसऱ्याने हिवाळ्यातल्या मागुरांची. नागपुरात त्या काळी जेवढे मागूर ताटात गेले नसतील तेवढे आमच्या विभागात डॉक्टरेटसाठी खर्ची पडले.

या साम्राज्याचे धनी विभागप्रमुख. सगळे त्यांना बडे सर म्हणत. गोरे, धिप्पाड, उन्हाळ्यात डोक्यावर खाकी टोप. दर वर्षी पहिल्या तासाला ते वैज्ञानिक दृष्टीवर भाषण देत. मांजर आडवं गेलं म्हणून परत फिरणाऱ्यांची, ग्रहणात अन्न टाकून देणाऱ्यांची ते अशी टर उडवत की वर्ग हसून लोळायचा. मी पुढच्या बाकावर बसून तोंड उघडं टाकून ऐकायचे. इतका मोठा माणूस मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

त्यांच्याकडे मी गेले आणि म्हणाले की मला जिवंत प्राण्यावर काम करायचं आहे. प्राणी काय करतो ते पाहायचं, आणि आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवायचं. याला शास्त्र म्हणतात, परदेशात त्याचे विभाग आहेत, हे मी वाचनालयात वाचलं होतं. सर वाळ्याच्या ताटीआड बसले होते. खोली ओल्या वासाने भरली होती.

"मिस गजभिये," ते म्हणाले, "पाखरं पाहत बसायला विद्यापीठ कशाला लागतं? ते तर गुराखीही करतो."

मी हटले नाही. मग त्यांनी अट घातली, बहुधा मी कंटाळून जाईन म्हणून. कोणत्याही एका पक्ष्याचं एक घरटं, पहिल्या अंड्यापासून पिल्लू निघेपर्यंत पूर्ण पाहायचं. ते झालं तर जुलैत समितीपुढे पीएच.डी.च्या नोंदणीसाठी माझं नाव ठेवू. नाही झालं तर मुकाट्याने मागूर.

घरी येऊन आईला सांगितलं. आम्ही जरीपटक्याच्या अलीकडे राहत होतो. आई विड्या वळायची. सूप मांडीवर, पानं ओल्या फडक्यात, बोलताना हात थांबत नसे. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आल्यावर तिने देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि स्वतः नेऊन नाग नदीत सोडले. सासू रडत होती, ही मागे वळून पाहायलाही थांबली नाही.

मी टिटवी निवडली हे ऐकून शेजारची काकू घाबरली. "टिटवी घरावरून वरडली का मानूस जाते म्हन्तात वं माय!"

आईने विडीला दोरा बांधला. "देव नदीत सोडून आलो आमी, आता टिटवीले भेऊ? घसा हाये तिले, वरडंल नाहीतर का करंल!"

तुच्छता ही मला आईकडून आलेली इस्टेट आहे. दुसरी काही नव्हती.

कॉलेजच्या मागच्या मैदानात, जिथे गवत जळून नुसता मुरूम उरला होता, तिथे टिटवीची जोडी होती. एका उथळ खड्ड्यात, गाईच्या खुराएवढ्या, तिने अंडी घातली. घरटं म्हणजे तेवढंच, चार खडे इकडचे तिकडे केलेले. अंडी मुरमाच्या रंगाची. नजर हलली की पुन्हा सापडायला वेळ लागायचा. मी लांब कडुनिंबाखाली काळी छत्री घेऊन बसायचे, आईचा ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून. सुट्टी होती, कोणी फिरकायचं नाही. पहारेकऱ्याला वाटायचं पोरीचं डोकं फिरलं आहे, त्यामुळे तोही वाटेला जायचा नाही.

त्या दिवसांबद्दल मला वाईट शब्द लिहिता येत नाही. आपल्याला वाटतं पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला. नागपूरच्या मे महिन्यात ऊब द्यायची गरज कोणाला! तिथे अंडी उकडून निघायला थोडं दुर्लक्ष पुरतं. भर दुपारी टिटवी अंड्यांवर बसायची नाही, उभी राहायची, पाय जरा फाकवून, पंख सैल सोडून, स्वतःची सावली अंड्यांवर धरून. चोच उघडी, गळा थरथरत असायचा. मग तिचा जोडीदार यायचा. वनस्पती विभागाच्या बागेत एक गळका नळ होता, त्याच्या डबक्यात तो पोट बुडवून बसायचा. पोटाची पिसं निथळती घेऊन यायचा, तिला उठवायचा आणि ओल्या पोटाने अंड्यांवर टेकायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी छत्रीखाली एकटीच मोठ्याने हसले. बरणीतल्या एकाही प्राण्याने मला असं हसवलं नव्हतं.

आणि हे पाहताना मी मनाला बजावत असायचे: याला प्रेम म्हणायचं नाही. त्याग म्हणायचा नाही. तो काय करतो ते लिही, गप्प बस. ही शिस्त फार अवघड आहे. मी आजही म्हणते, बेडूक कापणं पोरखेळ आहे याच्यापुढे.

बडे सर एकदा आले. टोप, हातात काठी, चेहऱ्यावर नाराजी. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग होती. मृगाचा बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात, झाडं सुकल्यासारखी होतात, त्याला ताण देणं म्हणतात. मग जूनचा पाऊस पडला की झाडं एकदम फुलतात. पाऊस आला नाही तर ताण दिलेली झाडं वाळून जातात. आदल्या वर्षीच्या दुष्काळात त्यांच्या विहिरीने तळ गाठला होता. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, टिटवीबद्दल एक अक्षर न विचारता. जाता जाता काठीने दाखवून म्हणाले, "खोलगट जागी घातली ना तिने?"

मला आनंद झाला. म्हटलं, चला, घरट्याच्या जागेकडे सरांचं लक्ष गेलं. जागेचं वर्णन शास्त्रात महत्त्वाचं असतं. इतकी मी खुळी होते.

त्यानंतरच्या एका सकाळी मी पोचले तेव्हा मादी घरट्यावर बसलेली होती. नेहमीसारखी. मी छत्री उघडली, वेळ लिहिली. ऊन चढलं, तिने बूड जरा हलवलं. मी तेही लिहिलं. मग नर ओलं पोट घेऊन आला, ती उठली, आणि तिच्याखाली काही नव्हतं. नुसता मुरूम. नर टेकला, उठला, तिथे फक्त एक ओला डाग. तो पुन्हा टेकला. मी धावत गेले. दोघं माझ्या डोक्यावर झेपा घेत ओरडायला लागली.

अंडी हरवली नव्हती. घरट्यापासून पाच-सहा पावलांवर मुरमाचा एक उंचवटा होता, त्याच्या माथ्यावर ती नीट मांडून ठेवली होती. सकाळपासून उन्हात. हात लावला तर चटका बसला. आणि ती जोडी त्यांच्याकडे बघतही नव्हती. अंडी डोळ्यांसमोर होती, पण त्यांची जागा खड्ड्यात होती, म्हणून त्या सकाळी नराने पोट भिजवून भिजवून रिकामा खड्डा थंड ठेवला.

मी अंडी परत खड्ड्यात ठेवली. थोड्या वेळाने मादी येऊन बसली, जणू काही झालंच नाही.

मी तशीच, धुळीच्या पायांनी, बड्या सरांच्या ताटीआड गेले. "सर, कोणीतरी अंडी हलवली."

"मी हलवली," ते शांतपणे म्हणाले. "सकाळी फिरायला आलो होतो. खड्ड्यात होती. पाऊस आला की बुडाली असती."

"सर, पावसाला अजून अवकाश आहे. तोवर पिल्लं निघून पळायला लागली असती."

मी उभीच राहिले. मग त्यांनी खुर्चीत मान टाकली, आणि पहिल्या तासाच्या भाषणातला तो आवाज कुठल्या कुठे गेला.

"यंदा पानी नाही पडलं तर माह्या झाडायचं का होईन, माहीत हाये का तुले? बुडाची मुळं वाळून राहिली. तू तुह्या अंड्यायचं घेऊन बसली!"

असा तो प्रकार होता. टिटवीने खोलगट जागी अंडी घातली म्हणजे पाऊस कमी, म्हणून प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखाने पहाटे टोप घालून येऊन अंडी उंचावर ठेवली. यांच्यापेक्षा शकुन मानणारा खेडूत परवडला. तो निदान शकुन पाहून गप्प बसतो, आभाळाला काय करायचं ते करू देतो. शकुनच उचलून दुसरीकडे ठेवायची अक्कल शिकलेल्या माणसालाच येते. परीक्षेत नापास झाल्यावर गुणपत्रिका खोडून पास लिहावं, तसं हे. मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. मला किळस आली, आणि ती किळस आजही ताजी आहे.

मादी मेलेल्या अंड्यांवर बसत राहिली. पिल्लं निघायची वेळ येऊन गेली, तरी बसत राहिली. सर एकदा खिडकीतून पाहून कोणा पाहुण्याला म्हणाले, "पाहा, मातृप्रेम!" आणि पाहुण्याने मान हलवली. अंडी आतून मेली आहेत हे पक्ष्याला कळायला काही मार्ग नव्हता. लाखो वर्षांत कोणी विभागप्रमुख येऊन तिची अंडी भाजून गेलेला नव्हता. ती तिचं काम बिनचूक करत होती. शेवटी एक दिवस ती उठली आणि परत आली नाही.

मग मृग बरसला. वेळेवर, धो धो. बागेला बहार आला. सर विभागात अशा थाटात फिरायचे की ढग यांच्या सहीनेच सुटले असावेत. त्यांच्या नजरेत मला एक गोष्ट दिसायची आणि तीच सगळ्यात संतापजनक होती. त्यांना खरोखरच वाटत होतं की ते बरोबर होते.

जुलैत समिती बसली. बडे सर, वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक, आणि बाहेरगावच्या विद्यापीठातून आलेले एक वयस्क तज्ज्ञ. माझ्याकडे पूर्ण घरटं नव्हतं, पण जे पाहिलं होतं ते होतं. मी ते सांगितलं: पक्ष्याला अंडं ओळखता येत नाही, जागा ओळखता येते. अंडी दिसत असताना तो रिकाम्या जागेवर बसतो, तिला पाणी आणून थंड ठेवतो.

तज्ज्ञ पुढे सरसावले. "हे फार चांगलं आहे! अंडी हलवून पाहायची कल्पना कोणाची?"

"माझी," बडे सर म्हणाले. घसा खाकरून पुढे म्हणाले, "मीच सुचवला तो प्रयोग."

खोलीत पंखा फिरत होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती, सौदा होता. हो म्हण, सही तयार आहे. मला फक्त मान हलवायची होती. आईने वळलेल्या विड्यांवर मी शिकले होते, आमच्या गल्लीत कोणाच्या नावापुढे डॉक्टर लागलेलं नव्हतं, आणि ते माझ्या मानेच्या एका हालचालीवर येऊन थांबलं होतं.

"छान," तज्ज्ञ मला म्हणाले. "मग प्रयोगामागचा प्रश्न काय होता?"

"प्रश्न काही नव्हता, सर," मी म्हणाले. "अंडी खड्ड्यात होती. ती उंचावर ठेवली की पाऊस पडेल, असं सरांना वाटलं."

बड्या सरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा म्हातारा तज्ज्ञ सरांना विचारेल. काहीतरी विचारेल. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आधी हसले. "पण पडला की नाही पाऊस!"

आणि तज्ज्ञ चष्मा काढून पुसत बड्या सरांकडे वळले. "आमच्याकडेही म्हणतात तसं. किती उंच ठेवली होती तुम्ही?"

सरांनी हाताने उंची दाखवली. आधी संकोचाने, मग मोकळेपणाने. मग बागेचा विषय निघाला. तज्ज्ञांची मोसंबी होती, प्राध्यापकांच्या सासऱ्यांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. चहा आला. मी समोर उभी होते. बऱ्याच वेळाने कोणाला तरी माझी आठवण झाली. पूर्ण घरटं नाही, तेव्हा विषय ग्राह्य नाही, असं ठरलं. मागूर घेत असाल तर नोंदणी आजच होईल, असं बडे सर उदारपणे म्हणाले.

मी नको म्हणाले. पुढे तीस-पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं.

त्या दिवशी घरी आले तेव्हा आई दारातच होती. सूप बाजूला ठेवलेलं. तिने माझं तोंड पाहिलं.

"नाही झालं?"

"नाही."

"काहून?"

मी सगळं सांगितलं. हो म्हटलं असतं तर झालं असतं, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता चिडेल. तिच्या बोटांना तंबाखूचा पिवळा रंग कायमचा बसला होता, तो मला त्या दिवशी पाहवेना.

"मंग त्या पाखराचं का झालं?" तिने विचारलं.

सबंध दिवसात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्या थंड खोलीत तीन पदवीधर माणसं बसली होती, त्यांनीही नाही.

"पुन्हा अंडी घातली तिने," मी म्हणाले. "कालच दिसली. वसतिगृहामागं, पडक्या भिंतीजवळ. पुन्हा खोलगट जागीच."

"एवढ्या पान्यात?"

"एवढ्या पाण्यात."

आई हसली. मग उठली, ताट वाढायला घेतलं आणि पाठमोरीच म्हणाली, "ह्या खेपी त्या शिकेल लोकायले सांगू नको वं, पोरी."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळपासून जाऊन बसले. पिल्लं निघाली, ओल्या गवतातून आईबापामागे पळून गेली. कुठल्याही समितीपुढे ती कधी आली नाहीत.